हेळव्याच्या वहीत नसलेली नावे

सुगी आटोपली आणि भात घरात येऊन पडले की खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी, दरवर्षी नाही तरी दोन-तीन वर्षांआड, हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून येत असे, आता मोटारसायकलवरून येतो. वही मात्र तीच, जुन्या पानांवरून नव्या पानांवर उतरवत आणलेली. ओसरीवर बसून तो आमच्या घराण्याची वंशावळ म्हणतो. मूळपुरुष कोठून आला, त्याला मुलगे किती, त्यांतला कोण कोणत्या गावी गेला, कोणाचा वंश खुंटला, हे सगळे एका सुरात सांगून झाले की घरात नव्याने जन्मलेल्या मुलग्याचे नाव तो वहीत घालतो आणि भात व दक्षिणा घेऊन पुढच्या घरी जातो. कन्नडमध्ये ‘हेळव’ म्हणजे पांगळा. त्यांच्या मूळपुरुषाला पाय नव्हते, म्हणून तो बैलावर बसून फिरला, असे आमच्याकडे सांगतात.

मागच्या खेपेस तो आला तेव्हा अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. खांब सोडला असता तर त्याचे गुडघे वाकले असते. हेळव्याने नऊ पिढ्या म्हणून दाखविल्या आणि मी, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, त्या नऊ पिढ्यांत अण्णाच्या आजाराचा एखादा धागा सापडतो का म्हणून कान देऊन ऐकत होते. धागा सापडला नाही, आणि तो तेथे सापडणे शक्यच नव्हते, हे मला त्याच्या मोटारसायकलचा आवाज दूर गेल्यावर उमगले. त्या वहीत बापाकडून मुलाकडे जाणारी ओळ होती आणि अण्णाचा आजार आईकडून आला होता.

आजाराचे नाव केनेडी रोग. वैद्यकीय भाषेत त्याला स्पायनल अँड बल्बर मस्क्युलर अॅट्रॉफी म्हणतात. मज्जारज्जूतील आणि मेंदूच्या देठातील ज्या चेतापेशी स्नायूंना हालचालीचा हुकूम पोचवितात त्या प्रेरक चेतापेशी, म्हणजेच मोटर न्यूरॉन, हळूहळू मरतात आणि हुकूम न मिळालेला स्नायू वाळत जातो. अमेरिकेतील विल्यम केनेडी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६८ मध्ये दोन कुटुंबांतील रुग्णांवरून त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला चिकटले. मला मात्र त्याआधीची एक नोंद अधिक जवळची वाटते. जपानमधील कावाहारा हिरोशी या डॉक्टरांनी १८९७ मध्येच दोन सख्खे भाऊ आणि त्यांचा मामा यांच्यात हाच आजार पाहून लिहून ठेवला होता. भाचे आणि मामा! आमच्याकडे मूल जन्माला आले की बायका पहिल्यांदा ‘मामावर गेलाय’ किंवा ‘बापावर गेलाय’ हा निवाडा करतात. अण्णाच्या बाबतीत तो निवाडा पन्नास वर्षांनी खरा ठरला.

मामाचे घर जांबोटीच्या बाजूला, पावसाच्या मुलखात. त्याच्या चाळिशीपर्यंत तो चिखलणीच्या औतामागे दिवसभर चालणारा गडी होता. मग हात कापू लागले. बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत जाईतो अर्धा सांडे आणि आम्ही भाचरे हसत असू. रात्री पोटरीत गोळे येत. बोलताना हनुवटी आणि ओठांभोवतीचे मांस बारीक लवत राही, पाण्यावर किडा चालावा तसे. डोळा लवला तर शकुन पाहतात, परंतु हनुवटी लवण्याचा शकुन कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे जमिनीवरून उठताना त्याला दोन्ही हातांनी स्वतःच्या मांड्या रेटाव्या लागत आणि आमटीचा घोट घेताना ठसका लागे. आणखी एक गोष्ट होती, जिचा अर्थ आम्हाला चाळीस वर्षे लागला नाही. भर वैशाखात, विहिरीवर अंघोळ करतानासुद्धा, मामा अंगातली बंडी काढत नसे. त्याची छाती बायकांसारखी उठून आली होती आणि तो ती लपवीत होता. एकाहत्तराव्या वर्षी, अन्नाचा कण श्वासनलिकेत जाऊन झालेल्या न्यूमोनियाने तो गेला. गावाच्या मते त्याला ‘वारे गेले’ होते.

अण्णाची सुरुवात सहीपासून झाली. तो सेवा सोसायटीत सचिव होता आणि धनादेशावरची त्याची सही जुळत नाही म्हणून बँकेतून कागद परत येऊ लागले. त्यानंतर जिने जड झाले. एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात स्नायूंची विद्युत तपासणी होऊन त्याला सांगण्यात आले की हा एएलएस नावाचा मोटर न्यूरॉनचा आजार आहे, दोन ते पाच वर्षे हाताशी आहेत, काय ती निरवानिरव करून घ्या. अण्णाने खरोखरच निरवानिरव केली. जमीन मुलाच्या नावावर चढविली, कर्ज फेडले, मुलीसाठी घाईने स्थळे पाहायला सुरुवात केली. पाचवे वर्ष उलटले तरी तो काठी टेकत मळ्यापर्यंत जातच होता, तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी शंका आली. ती कोणाला आली हे सांगितलेले बरे: वहिनीला. ‘देवाने घाई केली नाही, मग आपण का करतोय?’ असे ती म्हणाली आणि दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे त्याला घेऊन गेली.

या डॉक्टरांनी दोनच गोष्टी केल्या. आईच्या भावांपैकी कोणाचे हातपाय असे झाले होते का, हे विचारले आणि अण्णाला सदरा काढायला सांगितले.

एएलएसमध्ये मेंदूतून निघणाऱ्या वरच्या प्रेरक चेतापेशी आणि मज्जारज्जूतल्या खालच्या, अशा दोन्ही मरतात, म्हणून स्नायू वाळत असतानाच गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय प्रमाणाबाहेर उडतो. केनेडी रोगात फक्त खालच्या पेशी जातात. पाय उडत नाही, उलट ती प्रतिक्रिया मंदावलेली किंवा नाहीशी झालेली असते. छातीची वाढ, हनुवटीचे लवणे, हातांचा कंप, रक्तातील सीपीके या स्नायुविकराचे वाढलेले प्रमाण आणि वर्षानुवर्षे चाललेली संथ घसरण हे एकत्र दिसले की जाणत्या माणसाच्या मनात घंटा वाजायला हवी. पहिल्या डॉक्टरांना मी दोष देते का? देते, थोडासा. आजार दुर्मीळ आहे, साधारणपणे लाख पुरुषांमागे एक-दोघांना होणारा, हे मला मान्य आहे. पण सदरा काढून पाहायला काही खर्च येत नाही. त्या एका चुकीने अण्णाला आयुष्याची काही वर्षे मरणाच्या ओसरीवर बसून काढावी लागली.

बंगळुरूहून जनुकीय तपासणीचा अहवाल आला त्यात एक आकडा होता: ४५. हा आकडा समजावून सांगताना मला आजीची वही आठवली, म्हणून तीच वापरते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर वहीत रामनाम लिहीत असे. एका ओळीत ठरावीक नावे, एका पानावर ठरावीक ओळी, असा तिचा नेम होता. तिने पोथीतील ओव्या उतरवून काढल्या तर चूक सहसा होत नसे, कारण प्रत्येक शब्द निराळा असल्याने नजर कोठे आहे हे कळते. परंतु ‘राम राम राम राम’ अशा ओळीत नजर एकदा घसरली की किती लिहून झाले हे सांगता येत नाही. कधी एक नाव कमी पडते, कधी दोन जास्त होतात. आपल्या पेशींतला डीएनए हाही ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे आणि त्यात काही ठिकाणी अशाच नामजपाच्या ओळी आहेत, जेथे तीन, चार किंवा सहा अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. पेशी दुभागण्याआधी या मजकुराची नक्कल होते तेव्हा, किंवा त्याची डागडुजी चालू असते तेव्हा, अशा जागी डीएनएचे दोन धागे एकमेकांवरून सरकतात, जास्तीचा भाग केसाच्या पिनेसारखा दुमडून बाजूला उभा राहतो आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा तो चुकून मूळ मजकुरात गृहीत धरते. ओळ जितकी लांब तितकी घसरण्याची शक्यता अधिक. म्हणूनच हा बदल इतर उत्परिवर्तनांसारखा एकदा घडून थांबत नाही. एका पिढीकडून दुसरीकडे जाताना आकडा पुन्हा बदलू शकतो.

अण्णाच्या बाबतीत नामजपाची ओळ सीएजी या तीन अक्षरांची आहे. ती अँड्रोजेन रिसेप्टर नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बसते आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. तुमच्या-माझ्यातही ही ओळ आहे. ३४ वेळा किंवा त्याहून कमी असेल तर काही बिघडत नाही, ३८ किंवा त्याहून अधिक असेल तर पुरुषाला पुढेमागे आजार होतो. अण्णाची ४५ म्हणजे सामान्य मर्यादेपेक्षा अकरा नावे जास्त, तेहतीस अक्षरे. एवढ्या मोठ्या मजकुरात तेहतीस अक्षरे! आकडा जितका मोठा तितका आजार सर्वसाधारणपणे लवकर उगवतो, परंतु एकाच आकड्याच्या दोन माणसांत दहा-पंधरा वर्षांचे अंतरही पडू शकते, त्यामुळे अहवालातला आकडा म्हणजे भविष्य सांगणारी पत्रिका नव्हे.

अल्बर्ट ला स्पाडा आणि केनेथ फिशबेक यांच्या गटाने हे १९९१ मध्ये शोधून काढले. त्याच वर्षी फ्रॅजाइल एक्स या मतिमंदत्वाच्या आजारातही अशीच वाढलेली पुनरावृत्ती सापडली आणि वंशपरंपरेचे हे निराळेच दार उघडले. पुढे दोनच वर्षांत हंटिंग्टन रोगाचे जनुक सापडले, त्यातही सीएजीच. सीएजी हे अक्षरत्रय ग्लुटामिन या अमिनो आम्लासाठी, म्हणजे प्रथिनाच्या माळेतल्या एका मण्यासाठी असल्याने केनेडी आणि हंटिंग्टनसारख्या सीएजीच्या आजारांत प्रथिनाला ग्लुटामिनचे लांबलचक शेपूट येते. असे ग्लुटामिनचे आजार आज नऊ ज्ञात आहेत आणि केनेडी रोग हा त्यांतला पहिला सापडलेला.

हे शेपूट पेशीला मारते कसे, हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून येथे थोडी रेंगाळते. अँड्रोजेन रिसेप्टर हा पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉनचा निरोप स्वीकारणारा ग्राहक आहे. तो पेशीद्रवात इतर प्रथिनांच्या आधाराने निवांत असतो. टेस्टोस्टेरॉन येऊन चिकटले की आकार बदलतो, केंद्रकात शिरतो आणि तेथे अनेक जनुके चालू-बंद करतो. शेपूट लांबलेला ग्राहकही हेच करतो, पण केंद्रकात गेल्यावर तो नीट घडी पडून राहत नाही. त्याचे तुकडे होतात, तुकडे एकमेकांत गुंततात, इतर कामाच्या प्रथिनांना आपल्यात ओढतात आणि जनुकांचा कारभार बिघडतो. हाच बिघाड स्नायूंच्या पेशींतही स्वतंत्रपणे होतो, असे गेल्या काही वर्षांतील प्रयोग सांगतात. म्हणजे स्नायू हा केवळ चेतापेशीचा बळी नाही.

आता कोणी विचारील की ग्राहक बिघडला म्हणून पुरुषी संप्रेरकाचा निरोप पोचत नाही आणि त्यामुळे हा आजार होतो, असे सरळ का म्हणू नये? छातीची वाढ किंवा प्रजननक्षमतेतील घट यांच्यापुरते ते खरेही आहे. परंतु ज्या माणसांत हा ग्राहक जन्मापासूनच मुळीच काम करीत नाही, अशी माणसे आहेत. त्यांच्या शरीराची लैंगिक घडण वेगळी होते, पण त्यांच्या प्रेरक चेतापेशी मरत नाहीत. म्हणजे ग्राहकाचे काम थांबले, एवढ्याने चेतापेशी मरत नाही. तो जे नको ते करतो त्याने ती मरते. वर्गात मी कारण आणि परिणाम शिकवीत होते तेव्हा हे उदाहरण हाताशी असते तर किती बरे झाले असते.

आणि येथेच बायकांचे कोडे सुटते. आजीच्या एका एक्स गुणसूत्रावर ही लांबलेली ओळ होती, आईच्याही होती. कारण एकीचा मुलगा आजारी आणि दुसरीचा भाऊ व मुलगा दोघेही आजारी, तर त्या दोघी वाहक असल्याच पाहिजेत. तरी आजी नव्वदीत स्वतः पाणी काढत होती. शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर ‘दुसरे एक्स चांगले असते म्हणून’ असे असते आणि ते येथे अपुरे आहे. दोन्ही एक्स गुणसूत्रांवर लांबलेली ओळ असलेल्या स्त्रियाही वैद्यकीय साहित्यात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांना पायात गोळे येणे, किंचित कंप, एवढ्यावरच भागले. खरे कारण असे की बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन फार थोडे असते, म्हणून तो बिघडलेला ग्राहक पेशीद्रवातच बसून राहतो आणि केंद्रकाचा उंबरा ओलांडीत नाही. जपानमधील नागोयाच्या गटाने २००२ मध्ये हे उंदरांवर दाखवून दिले. मानवी जनुकाची लांबलेली प्रत घातलेल्या नर उंदरांचे वृषण काढले तर ते सावरले, आणि माद्यांना टेस्टोस्टेरॉन टोचले तर त्या आजारी पडल्या. याच धाग्यावरून टेस्टोस्टेरॉन खाली आणणारे ल्युप्रोरेलिन हे इंजेक्शन पुढे आले आणि २०१७ मध्ये जपानने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. त्याचा गुण बेताचा आहे आणि गेलेली शक्ती त्याने परत येत नाही. आमच्या डॉक्टरांनी अण्णाला एक गोष्ट मात्र ठासून सांगितली: एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या मर्दानी ताकदीच्या जाहिराती वाचून काही घेऊ नका. ज्या हार्मोनला लोक ताकद म्हणतात तेच येथे विष आहे.

ज्यांच्या घरात मोटर न्यूरॉनचा आजार आहे असे वाचक गूगलवर शोधू लागले की त्यांना केनेडीपेक्षा सी-९-ओआरएफ-७२ हे विचित्र नाव आधी भेटते, म्हणून त्याबद्दलही लिहायला हवे. नवव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात जीजीजीजीसीसी अशी सहा अक्षरांची ओळ आहे. बहुतेकांत ती दोन-चार वेळा, फार तर वीस-पंचवीस वेळा येते. आजाऱ्यांत शेकडो ते हजारो वेळा. हे २०११ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वेळी दाखविले आणि युरोपीय वंशाच्या लोकांतील आनुवंशिक एएलएसचे सर्वांत मोठे कारण, सुमारे ४० टक्के कुटुंबांतले, एका झटक्यात हाती आले. आशियात ही वाढ बरीच विरळ आहे.

केनेडी रोगाशी याचे नाते ओळीचे आहे, तऱ्हा मात्र वेगळी. येथे लांबलेली ओळ प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागात नाहीच. ती जनुकाच्या अशा भागात आहे जो आरएनएतून, म्हणजे प्रथिन घडविण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकलेतून, एरवी कापून टाकला जातो. मग त्रास कशाने होतो? एक तर जनुकाचे स्वतःचे प्रथिन कमी तयार होते. दुसरे म्हणजे या ओळीचा आरएनए केंद्रकात गुठळ्या करून साठतो आणि आरएनए हाताळणाऱ्या इतर प्रथिनांना अडकवून ठेवतो. तिसरे सर्वांत चमत्कारिक: प्रथिन कोठून वाचायला सुरुवात करायची याची खूण तेथे नसतानाही पेशीची यंत्रणा ती ओळ वाचू लागते, उलटसुलट दोन्ही दिशांच्या आरएनएवरून वाचते, आणि दोन-दोन अमिनो आम्लांच्या साखळ्यांची पाच प्रकारची कचरा-प्रथिने तयार करते. यांतली काही फार विषारी आहेत. या तिहींपैकी कोणाचा वाटा किती, यावर प्रयोगशाळांत अजून वाद चालू आहेत. एकाच घरात एकाला हातापायांचा एएलएस आणि त्याच्या सख्ख्या बहिणीला वागणूक व भाषा बिघडविणारा फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंश, असे याच जनुकामुळे होते. येथे गुणसूत्र एक्स नसल्याने आई-बाप, मुलगा-मुलगी असा भेद नाही. प्रत्येक अपत्याला ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. तसेच अॅटॅक्सिन-२ या जनुकात सीएजी २७ ते ३३ वेळा असेल तर एएलएसचा धोका वाढतो, हे २०१० मध्ये समजले, आणि तीच ओळ त्यापुढे गेली की आजारच बदलतो, तोल जाणारा अॅटॅक्सिया होतो.

व्यवहाराची एक गोष्ट आमच्या भागातल्या लोकांसाठी. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज येथून आता रक्त पाठवून ‘सगळी जनुके’ वाचून घेता येतात आणि अहवाल ‘दोष आढळला नाही’ असा आला की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. नेहमीच्या पद्धतीत डीएनएचे लहान-लहान तुकडे वाचून ते जुळविले जातात आणि ज्या तुकड्यात फक्त ‘राम राम राम’ आहे तो ओळीच्या सुरुवातीचा की शेवटचा हे कळत नाही, त्यामुळे वाढलेली पुनरावृत्ती अशा तपासणीत सहज निसटते. केनेडीसाठी त्या ओळीची लांबी मोजणारी साधी पीसीआर तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. ती उलट स्वस्तही पडते. सी-९ साठी वेगळी पद्धत आहे. डॉक्टरांना नावानिशी विचारावे, त्यात संकोच करू नये.

अहवाल हाती आला त्या दिवशी अण्णाने पहिला प्रश्न मुलाबद्दल विचारला. मुलगा बावीस वर्षांचा, जमीन त्याच्या नावावर, वंशाचा दिवा वगैरे. मी कागदावर काढून दाखविले की बाप मुलाला वाय गुणसूत्र देतो, एक्स देत नाही. तुझ्या मुलाला हा आजार तुझ्याकडून येऊच शकत नाही. अण्णाचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मग मला पुढचे वाक्य बोलावे लागले. तुझे ते एकच एक्स तुझ्या मुलीकडे गेलेच आहे, शंभर टक्के. तिला स्वतःला बहुधा काही होणार नाही, पण तिला मुलगा झाला तर त्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आहे. खोलीत सव्वीस वर्षांची भाची बसलेली होती, आणि घरातल्या कोणीही, मीसुद्धा, त्या क्षणापर्यंत तिच्याकडे या विषयासाठी पाहिले नव्हते. ती म्हणाली, ‘आत्या, म्हणजे हेळव्याच्या वहीत भावाचं नाव, आणि ह्या वहीत माझं.’

आमच्या सीमाभागात आणखी एक गुंता आहे. मराठी घरांत मामाची मुलगी हक्काची समजतात, काही कन्नड समाजांत सख्ख्या बहिणीची मुलगीही करतात. मामाला एकच मुलगी, आणि ती अण्णाला करायची हे आजीने दोघे पाळण्यात असताना ठरविले होते. पत्रिका जुळली नाही म्हणून ते बारगळले. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, त्यामुळे तिचे आभार मानायचीही पंचाईत आहे. ते लग्न झाले असते तर अण्णाचा आजार त्याच्या मुलांना बापाकडून नाही, पण मामेबहिणीकडून येऊ शकला असता, कारण आजारी बापाची मुलगी म्हणून ती वाहक असणे ठरलेलेच होते. मुलग्यांपैकी निम्म्यांना धोका, आणि मुलींत निम्म्यांची दोन्ही एक्स गुणसूत्रे लांबलेली. जवळच्या नात्यातल्या लग्नांविषयी बोलताना आपण बहुधा दोन्हीकडून दोष आला तरच उगवणाऱ्या आजारांविषयी बोलतो. एक्सवरून येणाऱ्या आजारात मात्र मामा-भाच्याची आणि आते-मामे भावंडांची वाट मुळातच एक असते, आणि लग्नाने ती पुन्हा त्याच दारात येते.

मामेबहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. तिला दोन मुलगे. तिला हे सांगायला मी स्वतः गेले, कारण असले काही फोनवर सांगू नये. तिने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाली, ‘बाबा बंडी का काढत नव्हते ते कळलं.’ तिच्या मुलांना तिने सांगितले आहे. तपासणी करायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवायचे आहे आणि थोरल्याने तूर्त नको म्हटले आहे. मला ते पटते. आज तपासून उद्यापासून घ्यायचे असे खात्रीचे औषध नाही, आणि पंचविशीत हा आकडा उशाखाली घेऊन झोपायचे की नाही हे दुसऱ्याने सांगू नये. लहान मुलांची तर अशी तपासणी करूच नये, असे समुपदेशक सांगतात. मी स्वतः तपासणी केली, माझ्या दोन्ही ओळी सामान्य निघाल्या. धाकटी बहीण नको म्हणाली. त्यानंतर काही महिने मला तिच्यासमोर उगाचच अपराधी वाटत होते, जणू वाटणीत चांगली जमीन मी उचलली.

अण्णा आता वॉकर घेऊन चालतो. जेवताना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला त्याला शिकविले आहे, पातळ आमटीत भात कालवून ती दाट केली की ठसका कमी लागतो, आणि रोज थोडा, थकवा येणार नाही इतकाच, व्यायाम चालू आहे. या आजारात आयुष्य फारसे घटत नाही, हे कळल्यापासून त्याने मुलीच्या लग्नाची घाई सोडली आहे. भाचीने एका स्थळाला पहिल्याच भेटीत स्वतःहून सगळे सांगितले. ते स्थळ परत आले नाही. दुसऱ्या मुलाने वाय आणि एक्सचे चित्र पुन्हा काढून मागितले. तो सध्या येऊन-जाऊन आहे. गर्भ राहण्याआधी किंवा राहिल्यावर तपासणी करण्याचे मार्ग आहेत, हे दोघांनी बंगळुरूला समुपदेशकांकडून समजून घेतले.

मी मात्र आता उलटी वंशावळ काढायला बसले आहे, आई, आजी, पणजी अशी. डॉक्टरांच्या रीतीत पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आणि आजार वाहणाऱ्या बाईच्या वर्तुळात एक ठिपका काढतात. आईपर्यंत आणि आजीपर्यंत सोपे गेले. आजीचा एक भाऊ ‘कापऱ्या’ म्हणून ओळखला जाई, म्हणजे ही ओळ बहुधा पणजीपासून आली. तिचे माहेर कणकुंबीच्या बाजूचे, मलप्रभा उगम पावते त्या अंगाचे होते, असे मावशी सांगते. तेथे जाऊन आले. एका म्हाताऱ्याने तिच्या बापाचे, आजोबाचे, चुलत्यांचे, सगळ्यांचे नाव सांगितले. तिचे माहेरचे नाव त्याला आठवेना, आणि सासरचे नाव लग्नात बदललेले, तेही आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. कागदावर तिच्या जागी मी वर्तुळ काढले आहे आणि आत पेन्सिलीने ठिपका दिला आहे.